कथेचा ताळा मांडणारे वाचक

लांबलचक अद्भुतकथेचा निष्ठावान वाचक कधी ना कधी हिशेब मांडायला बसतोच. मागच्या खंडात सांगितलेली तिथी पुढच्या प्रसंगाशी का जुळत नाही, अमुक माणूस त्या रात्री तिथे पोचलाच कसा, हे प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. डॉ. वॉटसनला अफगाणिस्तानातल्या लढाईत गोळी खांद्याला लागली की पायाला, यावर शेरलॉक होम्सचे वाचक पिढ्यान् पिढ्या वाद घालत आले आहेत. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही कादंबरी १९९६ साली आली. जॉन स्नोची खरी आई कोण, याचा तर्क वाचकांनी त्यातल्या बारीकसारीक खुणांवरून बांधला आणि दूरचित्रवाणी मालिकेत २०१६ साली तो खरा ठरला.

आपल्याकडे हा उद्योग फार जुना आहे आणि त्यातली मराठी माणसांची कामगिरी मोठी आहे. रामायण-महाभारताला कुणी इतिहास म्हणतं, कुणी धर्मग्रंथ, कुणी काव्य. इथे आपण त्यांच्याकडे वाचकाच्या नात्यानं पाहणार आहोत. महाभारतानं तर या वाचकाला आमंत्रणच दिलेलं आहे. लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट आणि अर्थ कळल्याखेरीज लिहायचं नाही, ही व्यासांची. त्याला मध्येच विचारात पाडण्यासाठी व्यासांनी कूटश्लोक पेरले. त्यांची संख्या ८,८०० सांगितली जाते. सतराव्या शतकात कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांनी काशीत राहून, ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली, ती अशाच गाठी सोडवण्यासाठी.

मयसभेत हसलं कोण?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ साली पुरं झालं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या शिस्तीनं १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पोथ्यांच्या साक्षीवर जे टिकलं ते मूळ संहितेत गेलं. बाकीचं तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवलं. गणपती लेखनिक झाल्याची कथाही परिशिष्टातच गेली. द्रौपदीनं भर स्वयंवरात कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारल्याचा प्रसंग मूळ संहितेत टिकला नाही.

या आवृत्तीनं काही कोडी सोडवली आणि काही अधिक टोकदार केली. मयसभेचा प्रसंग घ्या. दुर्योधन पाण्याला जमीन समजून पडला आणि द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणून हसली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. चिकित्सक संहितेत ते वाक्य नाहीच. प्रसंग घडतो तिथे भीम हसतो, अर्जुन आणि नकुल-सहदेव हसतात, सेवक हसतात. द्रौपदीचं नाव नाही. पण थोड्याच अध्यायांनी दुर्योधन धृतराष्ट्राजवळ हीच हकिगत सांगतो, तेव्हा त्यात कृष्णही हसतो आणि सख्यांसह द्रौपदीही.

हा कवीचा विसर म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. निवेदकानं सांगितलेलं आणि अपमानानं पेटलेल्या माणसानं सांगितलेलं, अशा दोन साक्षी आपल्यापुढे आहेत. दुर्योधनाला ज्यांचं हसणं सर्वांत जास्त झोंबलं असतं, नेमकी तीच माणसं त्याच्या साक्षीत नव्यानं उभी राहतात. पुढे भरसभेत जे घडलं त्याचं बी या वाढीव साक्षीत आहे. द्रौपदीच्या हसण्यानं महाभारत घडलं, असं म्हणणारे आपण सगळे नकळत दुर्योधनाचीच बाजू घेऊन बोलत आलो.

तिथींचं कोडं

युद्धाला तोंड कधी लागलं, हे कोडं कुणालाही पंचांग घेऊन सोडवायला बसता येईल असं आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो, की सात दिवसांनी अमावास्या आहे, त्या दिवशी युद्ध जुंपू द्या. ही कार्तिकातली अमावास्या धरू. भीष्म दहाव्या दिवशी पडले, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध नवमीला. शरपंजरी त्यांनी ५८ रात्री काढल्या. मोजत गेलं की आपण माघ शुद्ध अष्टमीला पोचतो, तीच आपली भीष्माष्टमी. भीष्मही प्राण सोडताना माघ महिना आणि शुक्ल पक्ष असल्याचं सांगतात. हिशेब चोख जुळला.

आता चौदावी रात्र पाहा. जयद्रथ पडल्यावरही त्या दिवशी लढाई थांबत नाही. अंधारात दिवट्या पेटवून सैन्यं झुंजत राहतात. शेवटी अर्जुन म्हणतो, की चंद्र उगवेपर्यंत सगळ्यांनी झोप घ्यावी. चंद्र उगवतो तो बरीच रात्र उलटल्यावर. अमावास्येला युद्ध सुरू झालं असेल, तर चौदाव्या दिवशी शुद्ध त्रयोदशी येते आणि त्या तिथीला चंद्र मावळतीच्या आधीच आकाशात असतो. तिथे दिवट्यांचं काम काय? उलट, गीताजयंतीच्या परंपरेप्रमाणे मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला प्रारंभ धरला, तर चौदावा दिवस वद्य नवमीचा येतो. त्या तिथीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. रात्रीचं युद्ध जुळलं, पण भीष्मांचं निर्याण माघ वद्यात गेलं.

बलरामानं या गुंत्यात आणखी एक गाठ मारली आहे. तो ४२ दिवसांच्या तीर्थयात्रेहून अठराव्या दिवशी परतला तेव्हा श्रवण नक्षत्र होतं. तिथून मागे मोजलं तर पहिल्या दिवशी चंद्र मृगशीर्षाच्या आसपास येतो. म्हणजे अमावास्या दूरच, आपण मार्गशीर्षी पौर्णिमेजवळ पोचतो.

कुणी म्हणतं, अमावास्येला फक्त सैन्यं सज्ज झाली, लढाई नंतर जुंपली. कुणी म्हणतं, वेगवेगळ्या काळच्या सूतांनी आपापली पंचांगं कथेत मिसळली. याच खुणांचा आणि ग्रहांच्या उल्लेखांचा आधार घेत चिंतामण विनायक वैद्यांनी युद्धाचा काळ इ. स. पू. ३१०१ च्या सुमाराचा मानला, तर डॉ. प. वि. वर्तकांनी थेट १६ ऑक्टोबर इ. स. पू. ५५६१ ही तारीख दिली. दोन अभ्यासू मराठी वाचकांच्या उत्तरांत अडीच हजार वर्षांचं अंतर पडतं. प्रत्येकानं काही साक्षी उचलल्या आणि काही बाजूला ठेवल्या, म्हणून ते पडलं. मला या कोड्यातून मिळालेली कसोटी हीच आहे: तर्क काय सांगतो याच्याइतकंच, तो काय टाकून देतो हेही पाहावं.

लंका कुठे होती?

हीच कसोटी लंकेच्या वादाला लावून पाहता येते. इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंका सिंहलद्वीपात नव्हती, ती अमरकंटकच्या परिसरात होती, असं हिरिरीनं मांडलं. पुढे डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनीही लंकेचा शोध मध्य भारताच्या अंगानं घेतला. त्यांच्या पुराव्यांत झाडांचाही पुरावा होता. वानरसेना सालवृक्ष उपटून लढते, पण साल काही दक्षिणेकडचं झाड नाही. यवतमाळच्या वाचकाला हा मुद्दा चटकन पटेल. आपलं रान सागाचं. सालाचं रान बघायचं तर पूर्वेला छत्तीसगडाकडे जावं लागतं. कथेतल्या झाडाझुडपांवरून कवीचा मुलूख ओळखण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

पण या तर्काची किंमतही मोठी आहे. शंभर योजनांचा समुद्र मग तळं होतो आणि सेतू म्हणजे एक बांध. हनुमानाच्या उड्डाणातली अद्भुताची सगळी हवाच निघून जाते. भूगोल हाती लागला आणि काव्य निसटलं, अशी गत होते.

विदुर आणि युधिष्ठिर

चिकित्सक आवृत्ती पुरी झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९६७ साली, मराठीत दोन पुस्तकं आली आणि त्यांनी दोन वेगळ्या वाटा घातल्या. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये युधिष्ठिराच्या पित्याविषयीचा तर्क आहे. मांडव्याच्या शापामुळे यमधर्मच विदुर म्हणून जन्मला. लग्नानंतर कुंतीनं पहिल्यांदा बोलावलं ते धर्मालाच. नियोगासाठी दीर हा रूढीनं योग्य पुरुष. आणि आश्रमवासिक पर्वात रानात भेटलेल्या युधिष्ठिराकडे एकटक बघत विदुर योगबळानं त्याच्या देहात शिरतो. मरणाऱ्या पित्यानं आपली इंद्रियं, आपले प्राण मुलाच्या स्वाधीन करावेत, या उपनिषदातल्या विधीची इथे आठवण होते. एकेक खूण एकटी दुबळी आहे, पण चारही एकत्र ठेवल्या की झटकून टाकता येत नाहीत. बाईंनी त्यापलीकडे छातीठोक दावा केला नाही, यातच त्यांची सचोटी दिसते.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’नं उलट वाट धरली. तिथे पुराव्याची छाननी नाही. कर्णाला बोलायला मिळालं नाही ते बोलू देण्याची तळमळ आहे. गावोगावच्या ग्रंथालयांत या कादंबरीची पानं सुटेपर्यंत ती वाचली गेली. एकानं संहितेची फट नीट मोजली, दुसऱ्यानं ती आपल्या कल्पनेनं भरली. वाचकांना दोन्हींची भूक होती.

कळंबचा इंद्र, रावेरीची सीता

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यात येऊ. यवतमाळ-नागपूर रस्त्यावरच्या कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे. पायऱ्या उतरून खाली जायचं, तिथे कुंड आणि गणेशाची मूर्ती. गौतमाच्या शापातून इंद्राची सुटका इथल्या आराधनेनं झाली, असं स्थानमाहात्म्य सांगतं. आता अहल्येची कथा वाल्मीकींकडे पाहा. बालकांडात ती इंद्राला ओळखते आणि शापानं राखेत, कुणाला न दिसता पडून राहते. उत्तरकांडात ती फसवली गेलेली आहे. आपल्या कीर्तनांतली शिळा या दोन्हींहून वेगळी. एका स्त्रीच्या तीन हकिगती, तिन्ही एकमेकींशी न जुळणाऱ्या. इंद्राची हकिगत मात्र कळंबला नीट मार्गी लागते. अपराध्याच्या सुटकेचं तीर्थ ठाऊक असावं आणि अहल्या दोषी की निर्दोष हे मात्र ठरू नये, ही विसंगती मला टोचते. तिचं उत्तर पोथीच्या तुलनेतून मिळणार नाही.

सीतेच्या बाबतीत मात्र पोथीबाहेरचं असं एक उत्तर रावेरीनं दिलं आहे. राळेगावजवळच्या या गावात सीतेचं देऊळ आहे, रामाशिवाय, एकट्या सीतेचं. टाकलेली सीता इथे आली, इथेच लव-कुश वाढले, तिनं गावात गहू मागितले, ते कुणी दिले नाहीत, तेव्हा इथे गहू पिकणार नाही असा तिनं शाप दिला, असं गाव सांगतं. लव-कुशांनी बांधून टाकलेला मारुतीही तिथे दाखवतात. वाल्मीकींचा आश्रम तर गंगेच्या बाजूला, तमसेकाठी. लव-कुशांचं युद्ध वाल्मीकींकडे नाही, ते जैमिनीच्या अश्वमेधात येतं. पंडितांच्या हिशेबानं सीतात्यागाचा प्रसंगच उपरा ठरण्याचा संभव आहे: युद्धकांडाच्या शेवटी फलश्रुती येऊन ग्रंथ संपल्यासारखा होतो आणि महाभारतातलं रामोपाख्यान राज्याभिषेकापुढे जाऊन सीतेला वनात धाडत नाही.

प्रसंगच काढून टाकला की कोडं सुटतं आणि रामावरचा डागही पुसला जातो. रावेरीनं ती सोपी वाट घेतली नाही. गावानं सीतेचं दुःख खरं मानलं आणि मूठभर धान्य नाकारल्याचा दोष स्वतःच्या पूर्वजांवर घेतला. माझ्या वाचनात लोकांनी स्वतःलाच जबाबदार धरणारा इतका स्वच्छ तर्क दुसरा नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांना या देवळाचं मोल कळलं आणि त्यांच्या पुढाकारानं त्याचा जीर्णोद्धार झाला. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावावं, हा त्यांच्या लक्ष्मीमुक्तीचा आग्रह आणि घरातून काढलेल्या सीतेचं हे देऊळ एकाच विचाराचे भाग आहेत.

माझाही एक तर्क इथे मांडावासा वाटतो. कालिदासाच्या रघुवंशात दशरथाची आई इंदुमती विदर्भाची राजकन्या आहे. म्हणजे हा मुलूख सीतेच्या आजेसासूचं माहेर. सासरनं टाकलेल्या बाईनं अशा दूरच्या नात्याच्या आसऱ्याला यावं, हे आपल्याकडे घडत आलेलं आहे. रावेरीच्या कथेला याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. पण विदर्भानं सीतेला आपली का मानलं असेल, हे समजायला त्याची मदत होते.

गीतरामायणाचे कवी ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कुंती-द्रौपदीच्या मनाचा ‘कृष्णकिनारा’त शोध घेणाऱ्या अरुणा ढेरे २०१९ साली इथेच त्या पदावर होत्या. दोघांनीही जुन्या कथेच्या मोकळ्या जागांत बसूनच लिहिलं. अशा जागा या जिल्ह्याच्या गावागावांत आहेत आणि त्यांची नोंद नीट झालेली नाही. भांडारकर संस्थेनं न पटलेला पाठही फेकला नाही, तळटीपेत ठेवला. तीच शिस्त आपल्या तोंडी कथांना लावली पाहिजे: गाव कोणतं, सांगणारी कोण, तिनं कुणाकडून ऐकलं, शेजारच्या गावात काय फरक पडतो, हे सगळं जसंच्या तसं उतरवायला हवं. शाळा-महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत हे काम सहज जमेल. कोणती हकिगत खरी, हा वाद नंतर कितीही घालता येईल. सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका मात्र तोवर थांबणार नाहीत, म्हणून काम आताच हाती घ्यायला हवं.