बोन्साय का मरतो? चुकीपासून शिकण्याविषयी काही विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी एकत्र येतो, त्यांच्या स्मृतीस शोभेल असा विषय वक्त्याने घ्यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. माझा विषय शिक्षणाचाच आहे. मात्र तो मी कुंडीच्या वाटेने मांडणार आहे. मन्नाएखेळ्ळी, हुमनाबाद, बीदर या परिसरातील अनेक घरांच्या गच्चीवर मी हौसेने आणलेले बोन्साय पाहिले आहेत. त्यांतील पुष्कळसे पुढच्या भेटीत दिसले नाहीत. चौकशी केली की उत्तर ठरलेले असते: "आमच्या हाताला झाड लागत नाही, सर." या उत्तराने मी अस्वस्थ होतो. वर्गातल्या एखाद्या मुलाविषयी "याच्या डोक्यात गणित शिरतच नाही" असे आपण म्हणतो, ते याच जातीचे वाक्य आहे. दोन्ही ठिकाणी दोष दैवावर टाकला जातो आणि कारणाचा शोध तिथेच संपतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'बोन' म्हणजे तबक किंवा उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लागवड. ही जपानी संज्ञा असली तरी कलेचे मूळ चीनमधील 'पेनजिंग' परंपरेत आहे. मराठीत आपण 'वामनवृक्ष' म्हणतो. बोन्सायची वेगळी जात नसते. वड, पिंपळ, उंबर, चिंच ही शेताच्या बांधावर पन्नास फूट वाढणारी झाडेच उथळ पात्रात, फांद्या आणि मुळे वेळोवेळी छाटून, लहान ठेवलेली असतात. बीदरच्या किल्ल्याच्या तटात किंवा इतर कोणत्याही जुन्या भिंतीच्या भेगेत उगवलेला पिंपळ आपण सर्वांनी पाहिला आहे. मूठभर मातीत तो वर्षानुवर्षे जगतो. मग कुंडीतला, रोज पाणी मिळणारा पिंपळ का मरावा?

याचे पहिले आणि सर्वांत मोठे कारण पाणीच होय. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर मुळे गुदमरतात आणि कुजतात. आपल्याकडील काळी माती शेतात सोने पिकवते. परंतु तिचे कण अत्यंत बारीक असतात, ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उथळ पात्रात ती घातली की खालचा थर कायम चिखल राहतो. याचे शास्त्र समजण्यासाठी शाळेत एक सोपा प्रयोग करता येईल. स्पंज पाण्यात भिजवून तळहातावर आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळेल. तळाशी किती उंचीपर्यंत पाणी अडून राहील, हे कणांच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. म्हणून पात्र जितके उथळ, तितका त्यातील ओल्या भागाचा वाटा मोठा. तळाला खडीचा थर देण्याची रीत सर्वत्र आहे, परंतु त्याने हा ओला थर नाहीसा होत नाही. तो फक्त मुळांच्या आणखी जवळ येतो. खरा उपाय म्हणजे सर्व मिश्रणच भरड करणे: विटेचा चुरा, जाड वाळू, थोडे कुजलेले खत, आणि चाळून काढून टाकलेली सगळी धूळ.

हे तत्त्व आपल्या परिसराला नवे नाही. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या कातळाशी अडते. बहामनी काळातील बीदरच्या सुरंग बावड्या याच गुणावर उभ्या आहेत. पाणी कोठून उतरते आणि कोठे अडते, हे ओळखणाऱ्यांच्या भूमीत आपण राहतो.

दुसरे कारण जागा. बोन्साय ही शोभेची वस्तू मानून दिवाणखान्यात ठेवली जाते. झाडाचे अन्न प्रकाशातून तयार होते. अंधाऱ्या कोपऱ्यात ते हळूहळू उपाशी मरते. उलट टोक म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतील आपली गच्ची. तेव्हा दुपारच्या उन्हात लहानशा कुंडीची माती मुळे भाजतील इतकी तापते. तिसरे कारण जातीची निवड. जुनिपर, पाइन, मेपल ही थंड प्रदेशातील झाडे चित्रांत पाहून आणली जातात. त्यांतील अनेकांना हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते, आणि ती आपल्या पठारावर पुरेशी मिळत नाही. वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल हे आपल्या उन्हाचे सोबती सोडून परक्या हवेचे झाड आणणे हे त्याच्या मरणाची तिथी ठरवण्यासारखे आहे.

चौथे कारण घाई. मुळे छाटणे, फांद्या छाटणे, तार गुंडाळणे आणि कुंडी बदलणे ही सर्व कामे एकाच दिवशी उरकली जातात. यांतील प्रत्येक गोष्ट झाड सोसू शकते. सर्व एकदम नाही. वड-पिंपळाच्या वर्गाची कुंडी बदलण्यास पावसाळ्याचा आरंभ सोयीचा असतो, कारण तेव्हा वाढीला जोर असतो. त्याच जोरामुळे पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते आणि दुर्लक्षित तार काही आठवड्यांत सालीत रुतते. झाड कोमेजले की खत देणे ही पाचवी चूक. खत म्हणजे क्षार. मातीत क्षार वाढले की आजारी मुळांना पाणी ओढून घेणे अधिकच जड जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या चुका ठाऊक असूनही माणसे त्या पुन्हा का करतात? माझ्या मते याची कारणे दोन. एक म्हणजे, चूक आणि तिचे फळ यांत अंतर असते. जुनिपरची मुळे मेल्यानंतरही त्याची पाने कित्येक आठवडे हिरवी राहतात. ती तपकिरी झाल्यावर मालक आठवतो तो कालचे ऊन. दोन महिन्यांपूर्वीचा चिखल त्याला आठवत नाही. दुसरे म्हणजे, विरुद्ध कारणांचे लक्षण एकच असते. तहानलेले झाड माना टाकते, आणि मुळे कुजलेले झाडही माना टाकते, कारण कुजलेले मूळ पाणी वर चढवू शकत नाही. पाहणारा दयेपोटी आणखी पाणी घालतो. दया खरी असते, निदान खोटे असते, आणि झाड दयेनेच मरते.

म्हणून मेलेले झाड तत्काळ उकिरड्यावर टाकू नये. आधी नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर जीव शिल्लक आहे. नसेल, तर झाड कुंडीतून उपटून मुळे पाहावीत. काळी, मऊ आणि कुबट वासाची मुळे म्हणजे अतिपाणी. कोरडी, ठिसूळ मुळे म्हणजे तहान. मुळांची चक्राकार गच्च जाळी म्हणजे कुंडी बदलण्यात झालेला उशीर. एका वहीत पाणी, छाटणी, खत आणि जागाबदल यांच्या तारखा लिहाव्यात. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बदलल्या तर कशाने गुण आला हे कधीच कळणार नाही.

श्रोतेहो, शिक्षकाचे काम याहून फार वेगळे नाही. 'नापास' हा शब्द कोमेजलेल्या पानासारखा आहे: तो लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. एका मुलाला सराव कमी पडलेला असतो, दुसऱ्याला न समजलेला सराव अति झालेला असतो. आपल्या या सीमाभागात तिसराही संभव असतो. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, वर्गात आणखी एखादी भाषा, अशा स्थितीत मुलाला गणित येत असते, पण प्रश्नाची भाषा उमगलेली नसते. या तिघांनाही आपण "अभ्यास वाढव" हे एकच पाणी घालतो. उत्तरपत्रिकेतील लाल फुलीपाशी न थांबता तिच्या मुळापर्यंत जाणारा शिक्षक झाड वाचवतो.

मराठीत 'बोन्साय' हा शब्द खुरटलेल्या व्यक्तिमत्त्वासाठी निंदेने वापरला जातो. भाषेचा अध्यापक म्हणून मला ही उपमा अर्धीच खरी वाटते. उपासमारीने बोन्साय घडत नाही. उपाशी झाड मरते. मुळे छाटली जातात ती नवी, बारीक, शोषक मुळे फुटावीत म्हणून. जपानमधील यामाकी घराण्याने जोपासलेला एक पाइन 1625 पासून कुंडीत आहे. 1945 च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात, कुंपणभिंतीच्या आडोशाला होता आणि वाचला. 1976 मध्ये तो अमेरिकेला भेट देण्यात आला व वॉशिंग्टनच्या संग्रहात राहिला. कोणत्याही एका माणसाचे आयुष्य त्याला पुरले नसते. पाणी कधी द्यावे आणि कधी देऊ नये, हे ज्ञान एका पिढीने दुसरीच्या हाती दिले म्हणून तो टिकला.

सीमाभागातील मराठी शाळेचे पात्रही उथळच आहे. तिच्या वाट्याला आलेली माती मोजकी आहे, आणि केवळ हळहळीचे पाणी घालून ती जगणार नाही. एखादा वर्ग ओस पडला, तर तो का ओस पडला हे मुळापाशी जाऊन पाहावे लागेल, लिहून ठेवावे लागेल आणि पुढच्यांना सांगावे लागेल. माजी विद्यार्थ्यांकडे माझे मागणे एवढेच: देणगीबरोबर आपला अनुभवही शाळेला द्या. आपल्याला येथे काय पोषक ठरले आणि काय बाधले, हे निःसंकोचपणे लिहून कळवा. चुकांची अशी वही ज्या शाळेत राखली जाते, तेथे नव्याने येणाऱ्या शिक्षकाला सारे पहिल्यापासून शिकावे लागत नाही.