डहाणू-तलासरीतून पटकथेकडे

डहाणू किंवा तलासरीतून सिनेमा शिकायला गेलेल्या मुलाने पटकथेची सुरुवात लघुपटाने करावी. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ अहमदनगरला शिकत असतानाच केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘फँड्री’ नंतर आला.

पटकथेत दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. ‘तो खचला’ हे कॅमेऱ्याला टिपता येत नाही. भाकरी न मोडता त्याने ताट सरकवलं, हे टिपता येतं. ठरलेल्या मांडणीत एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं, म्हणून पहिल्या प्रयत्नाला दहा-बारा पानं भरपूर झाली.

विषयासाठी दूर जायला नको. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात वारली वेठबिगारीविरुद्ध एकत्र आले. गोदावरी परुळेकरांनी तो लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिला आहे. घटना कुणाच्याही मालकीची नसते, पुस्तकावरून पटकथा करायची तर मात्र हक्क लेखी घ्यावे लागतात. आणि वारली पात्रं वारलीतच बोलू द्यावीत. पुस्तकी मराठीत त्यांचा जीव जातो.

संहिता कुणाला दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन ती ऑनलाइन नोंदवावी. कॉपीराइट नुसत्या कल्पनेला मिळत नाही, लिहिलेल्या मांडणीला मिळतो. म्हणून निर्मात्याला तोंडी गोष्ट सांगण्याआधी ती कागदावर पूर्ण असायला हवी. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते, त्यामुळे भेटीसाठी अंधेरी गाठून त्याच दिवशी परतता येतं.