इंधनाची वाट

अमेरिकेतील अनेक शेतांवर जुने पेट्रोल ट्रॅक्टर अजूनही राबताना दिसतात. तेथे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात, म्हणून हे 'गॅस ट्रॅक्टर'. फोर्ड कंपनीने १९४७ ते १९५२ या काळात तयार केलेला '८एन' हा त्यांपैकी विशेष लोकप्रिय.

या ट्रॅक्टरविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. इंजिन चटकन सुरू होते, काही वेळ गवत कापले जाते, मग ते अडखळते आणि बंद पडते. थोडे थांबले की पुन्हा सुरू! असे का व्हावे? कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल साठलेले असते. कामाचा भार आला की ते भराभर संपते. वरून येणारी धार बारीक असेल, तर वाटी रिकामी होते आणि विश्रांतीच्या वेळात पुन्हा भरते. मात्र ठिणगी देणारी कॉइल तापून बिघडत असली, तरी लक्षण असेच दिसते. अशा वेळी नुसत्या तर्काने नवा कार्ब्युरेटर आणणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

या ट्रॅक्टरला इंधनाचा पंप नाही. टाकी उंचावर असल्याने पेट्रोल स्वतःच्या वजनानेच खाली उतरते. त्यामुळे परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्यावे. मोकळ्या जागी, आगीपासून दूर, कार्ब्युरेटरच्या तळाचे बूच काढावे, तोटी उघडावी आणि धार धातूच्या भांड्यात धरावी. दोन मिनिटांत सुमारे अर्धा लिटर पेट्रोल जमले आणि धार शेवटपर्यंत टिकली, तर पुरवठा ठीक आहे. दोष ठिणगीच्या बाजूस शोधावा.

धार हळूहळू आटत गेली, तर प्रथम टाकीचे झाकण सैल करावे. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो, ती उगीच नव्हे! तेल बाहेर यायचे, तर हवा आत जावी लागते. झाकण सैल करताच धार वाढली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे, असे समजावे.

तेवढ्याने भागले नाही, तर जाळ्या तपासाव्यात. त्या तीन असतात: एक टाकीच्या आत, दुसरी टाकीखालच्या काचेच्या वाटीवर आणि तिसरी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. ही तिसरी नळीच्या जोडणीतच दडलेली असल्याने पुष्कळांना तिचा पत्ताही नसतो. जाळ्या काढण्यापूर्वी टाकी रिकामी करावी. काचेच्या वाटीत तांबूस गाळ पुनःपुन्हा जमू लागला, तर जाळ्या धुऊन उपयोग नाही. टाकीच आतून गंजलेली असते आणि ती उतरवून साफ करावी लागते.