पाण्याचा हिशेब कोण ठेवतो?

गुंतागुंतीचा प्रश्न म्हटला की, आपल्या डोळ्यांसमोर एखादा शहाणा व्यवस्थापक उभा राहतो. सारी माहिती त्याच्याकडे जावी आणि त्याने हुकूम सोडावेत! पण काही प्रश्न एका डोक्यात मावत नाहीत. त्यांच्यासाठी संगणकशास्त्रात 'बहुकर्ता रचना' ही विचारपद्धती आहे. तीत अनेक स्वतंत्र कर्ते असतात. प्रत्येकाला आपल्या आसपासचेच दिसते. आणि त्यांच्या परस्परव्यवहारातून एकूण व्यवस्था आकार घेते. इंडोनेशियातील बाली बेटावरच्या भातशेतीवरून हे चांगले समजते.

बालीत एका पाटाचे पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला 'सुबक' म्हणतात. लावणी केव्हा करायची, हे सुबक जलमंदिरांत जमून ठरवतात. यात एक पेच आहे. सर्वांनी एकदम लावणी केली, तर पाणी पुरत नाही. प्रत्येकाने निरनिराळ्या वेळी केली, तर पाणी पुरते. पण किडीला सदैव कोठे ना कोठे उभे पीक मिळते. मोठे शिवार एकदम मोकळे पडले, तरच किडीची उपासमार होते. तेव्हा किती शेजाऱ्यांनी बरोबर चालायचे, हाच खरा प्रश्न.

१९७० नंतरच्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणाने नवे वाण आणले व शक्य तितक्या वेळा भात घेण्याचा आग्रह धरला. मंदिरांचे वेळापत्रक मागे पडले. पाण्याची ओढाताण आणि किडीचा सुळसुळाट सुरू झाला.

मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसरशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी या व्यवस्थेची संगणकीय प्रतिकृती बनवली व १९९३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन नद्यांवरील १७२ सुबक हे तिच्यातील कर्ते. नियम साधाच : वर्षअखेर शेजाऱ्यांकडे पाहावे आणि ज्याचे उत्पन्न सर्वांत चांगले, त्याचे वेळापत्रक उचलावे. थोड्याच वर्षांत एकत्र लावणी करणारे गट आपोआप जुळले, उत्पन्न वाढले. आणि हे गट खऱ्या जलमंदिरांच्या जाळ्याशी पुष्कळसे मिळतेजुळते निघाले!

अशी रचना करणाऱ्याने यातून काय घ्यावे? प्रथम, कर्ता कोण हे नीट ठरवावे. येथे तो एकटा शेतकरी नसून सुबक आहे. दुसरे, त्याला काय दिसते आणि कशाची झळ लागते, हे पाहावे. खालच्याला पाण्याची चिंता, तर वरच्याला किडीची. पाणी आधी हाती येणारा वरचा शेतकरी खालच्याशी जुळवून घेतो, तो केवळ चांगुलपणाने नव्हे. किडीची भीती काढून टाका, मग ही व्यवस्था टिकेलच असे नाही. शेजाऱ्याचे अनुकरण हा नियम म्हणूनच सर्वत्र लागू पडणार नाही.

आपल्या खानदेशात पांझरेवरील फड पद्धतीतही बंधाऱ्याखालच्या शेतीचे फड पाडून एका फडात एकच पीक घेण्याची रीत रूढ होती. असल्या रीती मोडण्यापूर्वी त्या कोणता हिशेब सोडवीत होत्या, एवढे तरी आपण विचारावे. बालीत हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली.