गाठीने धाडलेली पाकिटे

दोन वर्षांचे मूल एकाएकी लंगडू लागते. कुठेतरी पडले असेल म्हणून घरचे तेल चोळतात. मग ताप येतो, चेहरा पांढरा पडतो आणि तपासण्यांत कळते की दुखण्याचे मूळ पोटात आहे. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ झालेली असते. हा न्यूरोब्लास्टोमा. गर्भात चेतापेशी होता होता अर्धवट राहिलेल्या पेशींतून तो उपजतो. निदानाच्या वेळी बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली असतात आणि जवळजवळ निम्म्यांत रोग तोवर अस्थिमज्जेत, हाडांत पसरलेला असतो.

पोटातल्या पेशी परक्या जागी रुजतात कशा?

या प्रश्नाचे एक उत्तर एक्सोसोम या कणांपाशी सापडू लागले आहे. जवळपास सगळ्याच पेशी हे चरबीच्या पातळ आवरणाचे बुडबुडे बाहेर सोडतात. आकार 30 ते 150 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत शेकडो मावतील. कॅनडात रोझ जॉनस्टोन यांना ते मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींतून बाहेर पडताना आढळले. एक्सोसोम हे नाव 1987 मध्ये रूढ झाले. पुढे कितीतरी वर्षे पेशीने फेकलेला कचरा यापलीकडे त्यांना फारशी किंमत नव्हती.

2013 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींनी सोडलेले एक्सोसोम गोळा करून त्यांतली प्रथिने ओळखली. फायब्रोनेक्टिन होते, पेशींना चिकटायला मदत करणारे. सीडी147 होते; आजूबाजूची ऊती विरघळवणारी विकरे वाढवण्यात त्याचा हात असतो. बी7-एच3 हे प्रतिकारपेशींना थोपवणारे प्रथिनही होते. वाट काढणे, चिकटणे, पहारेकऱ्याला गप्प करणे, अशी सगळी सामग्री त्या इवल्या पाकिटांत सापडावी, हे धडकी भरवणारे आहे. 2017 मधल्या प्रयोगांत हेच एक्सोसोम अस्थिमज्जेतल्या आधारपेशींनी आत घेतले आणि त्या पेशी इंटरल्यूकिन-6 सारखी, कर्करोगाला पोसणारी द्रव्ये स्रवू लागल्या. जमीन आधीच नांगरून ठेवावी, तसे.

एक्सोसोमवर जीडी2 ही शर्करायुक्त चरबीही असते. डिनुटुक्सिमॅब हे 2015 पासून वापरात आलेले प्रतिपिंड नेमके तिलाच लक्ष्य करते. उंदरांत मात्र गाठीच्या या कणांनी औषधाचा जोर कमी केला, आणि कणांचे उत्सर्जन घटवणाऱ्या टिपिफार्निबने तो पुन्हा वाढवला.

आज रोग मज्जेत आहे का, हे पाहायला चिमुकल्याच्या कमरेच्या हाडात सुई घालावी लागते, उपचारांच्या काळात वारंवार. त्या सुया कमी व्हाव्यात म्हणून रक्ताच्या साध्या नमुन्यात याच कणांवरच्या खुणा शोधण्याची धडपड सुरू आहे.