नवा फोन घेतला आणि रेंज गेली! दोष नेमका कुणाचा?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलीला सडकून ताप भरला. वडिलांना फोन लावला, तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. सात-आठ वेळा लावला, तेच. शेवटी गावातल्या एका तरुणाला मोटारसायकलवर पाठवलं. वडील घरातच होते, हातात नवा कोरा फोन! म्हणाले, “सर, आठ दिवस झाले घेऊन. जुन्या डबड्यावर घरात रेंज यायची, याला रस्त्यावर न्यावं लागतं. फोनच फसवा निघाला.”

दुकानदार म्हणे सिम खराब. कंपनीचा माणूस म्हणे फोन बंद करून चालू करा. शेजारी म्हणे टॉवरच बिघडलाय. दोष कुणाचा, हे कुणीच तपासलं नव्हतं. खरं तर ते तपासायला अर्धा तास पुरतो, आणि पद्धत आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो तीच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी दांड्यांवरचा विश्वास सोडा

फोनवर दिसणारे रेंजचे दांडे हे काही प्रमाणित माप नाही. कोणत्या ताकदीला किती दांडे दाखवायचे हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे जुन्या फोनवर तीन आणि नव्यावर दोन दांडे म्हणजे रेंज कमी झालीच, असं नाही.

खरं माप असतं डीबीएममध्ये. अँड्रॉइड फोनवर साधारणपणे सेटिंग्ज, मग ‘फोनबद्दल’, मग ‘सिम स्टेटस’ इथे ‘सिग्नल स्ट्रेंथ’ दिसते. हा आकडा ऋण असतो. ४जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११० च्या खाली गेला की बोलणं तुटायला लागतं. आणि १० चा फरक म्हणजे थोडाथोडका नाही बरं का, ताकदीत दहापट फरक!

नवा फोन असं का करतो?

मिरवणूक लांब असली की आधी ढोलाचा घुमणारा आवाज ऐकू येतो, ताशाचा कडकडाट जवळ आल्यावर. रेडिओ लहरींचंही काहीसं तसंच आहे. ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३३ सेंटिमीटर लांब असते. ती दूर जाते, भिंतींतूनही बऱ्यापैकी आत येते. आपल्याकडे ५जीसाठी वापरली जाणारी ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर जेमतेम ९ सेंटिमीटरची. वेग भरपूर देते, पण भिंती आणि डोंगर तिला लवकर अडवतात.

जुना फोन मुकाट्याने २जी किंवा ४जीवर बसलेला असतो. नवा फोन ‘ऑटो’वर असला की ५जीच्या मागे धावतो. टॉवरच्या टापूच्या कडेला असलेल्या घरात मग त्याची ५जी-४जी-५जी अशी येरझार सुरू होते. त्या गडबडीत आलेला फोन वाजतच नाही.

अर्ध्या तासाची चाचणी

संध्याकाळी आम्ही त्यांच्या आतल्या खोलीत बसलो. जागा तीच, वेळ तीच. प्रत्येक जोडीवर पाच-पाच वेळा फोन लावून पाहिला.

१. जुना फोन, त्यांचं सिम: पाचही वेळा वाजला. म्हणजे टॉवर आणि सिम दोन्ही ठीक.

२. नवा फोन, त्याच कंपनीचं माझं सिम: पाचात एकदा वाजला. म्हणजे गोची नव्या फोनात किंवा त्याच्या सेटिंगमध्ये.

माझ्या सिमने नवा फोन नीट चालला असता, तर दोष त्यांच्या सिमचा. दोन्ही फोन दोन्ही सिमवर अडले असते, तर दोष जागेचा किंवा टॉवरचा.

मग त्यांचं सिम परत नव्या फोनात घातलं आणि फक्त एक गोष्ट बदलली. ‘पसंतीचा नेटवर्क प्रकार’ ५जी ऑटोवरून ४जी केला. आकडा उणे ११८ वरून उणे १०२ वर आला आणि पाचही फोन वाजले. फोन परत करायची वेळच आली नाही.

दोष सापडला की काय करायचं?

*सेटिंगचा असेल तर:* वरच्यासारखं ४जी करून पाहा. ‘व्होल्टी’ चालू आहे का तेही पाहा. ते बंद असेल तर बोलण्यासाठी फोनला २जी-३जीवर उतरावं लागतं, आणि ज्या कंपनीकडे ते जाळंच नाही तिथे साधा कॉल होत नाही. घरी ब्रॉडबँड असेल तर ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. जाड किंवा धातूचं कव्हर काढून एकदा आकडा बघा.

*सिमचा असेल तर:* कात्रीने कापून लहान केलेलं किंवा ४जीच्या आधीच्या काळातलं सिम असेल तर बदलून घ्या, नंबर तोच राहतो. पण लक्षात ठेवा, सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, ओटीपी येत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी हे काम काढू नका! तसंच त्यानंतर सात दिवस नंबर पोर्टही करता येत नाही.

*जागेचा असेल तर:* १९८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. शेजाऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीची रेंज कशी आहे ते बघा. चांगली असेल तर ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा (‘पोर्ट’ इंग्रजी अक्षरांत लिहायचं). ऑनलाइन मिळणारा बूस्टर मात्र परवानगीशिवाय लावू नका. ते बेकायदेशीर आहे आणि त्याने आजूबाजूच्यांची रेंज बिघडते.

*फोनचाच असेल तर:* वॉरंटीत दाखवा. परदेशातून पाहुण्यांनी आणलेला फोन असेल तर आपल्याकडचे सगळे बँड त्यात आहेत का, हे आधी तपासा. जुना, वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक बिलाशी ताडून पाहा.

वर्गात करून पाहा

सहावीच्या मुलांना ऋण संख्या शिकवताना ‘उणे ८५ मोठी की उणे ११०?’ असं विचारलं की निम्मा वर्ग ११० म्हणतो. मी मुलांना शाळेचा आराखडा काढायला लावला आणि एकच फोन घेऊन वर्ग, व्हरांडा, पटांगण, पाण्याची टाकी इथले आकडे लिहून घेतले. मग ते संख्यारेषेवर मांडले. पटांगणात उणे ८८, कोपऱ्यातल्या वर्गात उणे १०९. मोठी संख्या कोणती, हे नंतर कुणाला सांगावं लागलं नाही. शिवाय अडचणीच्या वेळी फोन कुठे उभं राहून लावायचा, हे सगळ्या शाळेला कळलं!

मुलांना आणखी एक सांगा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या एखाद्या कंपनीची असेल, तर ११२ हा आपत्कालीन नंबर लागू शकतो.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत दोन नियम झालेत. प्रत्येक मुलाच्या नोंदीत पालकांचा आणि एका शेजाऱ्याचा असे दोन नंबर, तेही शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे. आणि पालकांनी फोन किंवा सिम बदललं, की त्याच आठवड्यात शाळेतून एक चाचणी फोन. ती मुलगी दोन दिवसांत बरी होऊन शाळेत आली. पण त्या दुपारी तिला घरी न्यायला दीड तास लागला, तोही वडील घरात असताना. पालकहो, नवा फोन घेतलात ना? मग आजच घरातल्या नेहमीच्या जागी बसून कुणाला तरी आपल्याला फोन लावायला सांगा. वाजतोय का, बघा.