गालिच्याखालचा पत्रा

जुनी टाटा इस्टेट बघायला गेलात तर बॉनेट उघडण्याआधी मागचा गालिचा उचला. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते, सुमोमध्येही तेच 1948 सीसीचे डिझेल इंजिन असल्यामुळे पुण्याच्या नाना पेठेत त्याचे बहुतेक सामान मिळते. मागचा पत्रा मात्र कुठल्याच दुकानात टांगलेला नसतो.

1992 साली पिंपरीच्या टेल्कोने ही स्टेशन वॅगन आणली. आदल्या वर्षीची सिएरा आणि त्याआधीची टाटामोबाइल पिकअप यांच्याच घराण्यातली ही गाडी, म्हणजे खाली चासी, मागे पाटे आणि वर तेव्हाच्या मानाने चैनीची पॉवर स्टीअरिंग, बटणावर खालीवर होणाऱ्या काचा. डिकी वेगळी बाहेर आलेली नसेल तर गाडी आपल्याकडे फार जणांना ‘कार’ वाटतच नसे. इस्टेट थोडीच खपली आणि पुढे बंद पडली. मला ती आपल्याकडच्या रस्त्यांसाठी बनलेली सर्वांत समजूतदार घरगुती गाडी वाटते.

आम्ही घेतलेली जुनी इस्टेट आम्हाला प्रदर्शनात उभी करायची नव्हती. लेक लहान, सासऱ्यांचे गुडघे दुखरे, आणि दर गणपतीला सगळ्यांनी सामानसुमान घेऊन कोकणात उतरायचे. पैसा आधी कुठे लावायचा हे त्यामुळे आपोआप ठरले.

गाडी डेंटरकडे नेली तेव्हा मी रंगाविषयी विचारले. ‘‘ताई, रंगाचं शेवटी बघू,’’ तो म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली वाकला. मागच्या दाराचे रबर कडक झाले की टपाच्या पन्हळीतून ओघळणारे पाणी आत शिरते. ते चाकाच्या कमानीमागे आणि फ्लोअरवर साचते. वरचा गालिचा सुकतो, खालचे नमदे पावसाळा संपला तरी ओले राहतात. आमच्या गाडीत कुणीतरी त्या जागी लांबी भरून वर रंग मारला होता. लोहचुंबक लावले तर चिकटेना. स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला.

कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापावा लागतो. मन घट्ट करून मोठे भोक पाडायला तो मिस्त्री तयार होता, म्हणूनच मी काम त्याला दिले. पत्र्याचे ठिगळ त्याने हातानेच ठोकून कमानीच्या गोलाईत बसवले आणि सीओटू वेल्डिंगने जोडले. सलग टाका ओढला तर पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून एक टिपका इथे, दुसरा वीतभर लांब, आणि मधे थंड होईपर्यंत थांबणे. बघायला कंटाळवाणे, पण गाडीचे आयुष्य त्या थांबण्यावरच अवलंबून असते. मग प्राइमर, आतल्या पोकळ्यांत मेणाचा फवारा, दारांच्या तळाची बुजलेली छिद्रे तारेने मोकळी. लांबी शेवटी, पापुद्र्याइतकीच.

दाराच्या रबरावर मी हट्टाने वेळ घालवला, आणि तो नुसत्या पाण्यासाठी नव्हे. वॅगनची पाठ सरळ कापलेली असते. गाडी पळताना तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो. दार नीट बसत नसेल तर तो आत ओढला जातो, नेमका मागे झोपलेल्या मुलांच्या नाकाशी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. परीक्षा सोपी आहे: कागदाची पट्टी मधे धरून दार लावायचे आणि ती ओढायची. सहज सुटली तर तिथे फट आहे. सगळ्या कडेने अशी पट्टी फिरवून बिजागऱ्या आणि कडी जुळवली, आणि सायलेन्सरचे शेपूट बंपरच्या बाहेर काढून घेतले.

मागच्या सीटला पट्टे नव्हते. दोन्ही बाजूंना तीन टोकांचे, आपोआप गुंडाळले जाणारे पट्टे बसवले. त्यांचा बोल्ट 7/16 इंची असतो. तो नुसत्या पत्र्यात आवळला तर धडकेत पत्राच फाटून येईल, म्हणून मागून जाड पोलादी पट्टी दिली. लेकीची सीट पट्ट्यानेच बांधता येईल अशी निवडली. सामान आणि माणसे यांच्यामध्ये पक्की जाळी लावली. वॅगनमध्ये डिकीची भिंत नसते, जोरात ब्रेक लागला की मागची बॅग थेट डोक्यावर येते. सासऱ्यांसाठी दाराशेजारच्या खांबावर धरायला मूठ बसवली. एवढ्याशा कामाने त्यांचे चढणे-उतरणे पार बदलले.

ब्रेकचे रबरी पाइप, व्हील सिलिंडर आणि तेल सरसकट नवे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, तेव्हा घाट उतरायचे असतील तर जुन्यावर भागवू नये. पाटे खोलून त्यांचा गेलेला बाक परत आणला, बुश बदलले. एखादे पान कमी केले की गाडी मऊ होते, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण पाच माणसे आणि गणपतीचे सामान घेऊन जायचे असताना मी तो मानला नाही. हेडलाइटना रिले बसवले. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे सुमारे नऊ अँपिअर, एवढा प्रवाह जुन्या स्विचमधून कशाला न्यायचा? उजेड लगेच वाढला.

बसवायचे नाही असेही बरेच होते. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचना मनाजोगी बदलू देत नाही, आणि रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते. आम्ही मूळचाच रंग ठेवला. पंधरा वर्षे उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवावी लागते. तिथल्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर सगळे पास झाले. आता मागच्या डाव्या दिव्याची काच तेवढी तडकलेली आहे. तिच्यासाठी रविवारी जुन्या बाजारात फेरी असते, आणि नाहीच मिळाली तर कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जायचे ठरले आहे.